केकबाईचा गळा

"गळा कोण कापणार?" आईनं फोनवर विचारलं.

मी जमिनीवर बसलो होतो, मांडीवर उलटी खुर्ची, फोन खांद्यानं कानाशी दाबून धरलेला. खुर्च्यांच्या पायांना जाड लोकरी कापडाचे गोल तुकडे चिकटवायचं काम माझ्याकडे वर्षभर आहे. ते तुकडे झिजतात, सुटतात, आणि मग कुणी खुर्ची सरकवली की लाकडी जमिनीवर असा आवाज होतो की माझ्याच दातांत कळ येते. आज माणसं येणार होती, म्हणून तळघरातल्या जादा खुर्च्याही मी वर आणल्या होत्या.

"कुणाचा गळा?"

"केकबाईचा रे! तोवेला काही पहिल्याच वाढदिवसाला सुरी धरता येणार नाही. तुझ्या पहिल्या वाढदिवसाला पॉवलकाकानं कापला होता. आता मेतेची योहाने म्हणतेय मी कापणार. मी म्हटलं कापू दे, पण मेते म्हणते आधी एस्बेनला विचार. तर विचारतेय."

"योहानेलाच कापू दे. पण आई, ओरडायचं नाही."

पलीकडे केटलीची शिट्टी वाजायला लागली. आईनं ती बंद केली असावी. मग ती म्हणाली, "म्हणजे?"

"म्हणजे कुणी ओरडायचं नाही. तोवेला एवढा आवाज झेपणार नाही. सुरी फिरवायची, तुकडे करायचे, खायचं. शांतपणे."

"अरे पण ओरडायचं नाही तर मग बाई मेली हे कळणार कसं?" आई म्हणाली, आणि तिनं फोन ठेवला. रागानं नाही. तिला भट्टीवाल्याकडे केक आणायला जायचं होतं.

मी खुर्ची मांडीवर घेऊन तसाच बसून राहिलो. एवढीशी गोष्ट, पण ती कुठेतरी रुतली. बाई मेली हे कळणार कसं. खरंच, आमच्याकडे मुलाच्या वाढदिवसाला माणसाच्या आकाराचा केक आणतात, मुलगी असेल तर बाईच्या आकाराचा, वर लोणी आणि तपकिरी साखर ओतलेली, ज्येष्ठमधाच्या काळ्या दोऱ्यांचे केस, गोळ्यांची बटणं, आणि पहिली सुरी जाते ती थेट गळ्यावर. सुरी टेकली की टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी त्या बिचारीच्या वतीनं जिवाच्या आकांतानं किंचाळायचं. का, ते कुणी विचारत नाही. मीही कधी विचारलं नव्हतं. माझ्या चौथ्या वाढदिवसाला मी असा किंचाळलो होतो म्हणे, की समोरच्या घरातल्या बाई हातात पिठाची परात घेऊन धावत आल्या आणि मग पीठ बाजूला ठेवून केक खायला बसल्या. आई ही गोष्ट अजून सांगते. सांगताना तिचा चेहरा असा होतो की आपल्या मुलानं काहीतरी मोठं करून दाखवलंय. आणि एका परीनं दाखवलंही, कारण पुढे मी त्याच आवाजावर पोट भरलं. मी पोहायला शिकवतो. बंद तलावात, जिथं छत उंच आणि भिंती ओल्या असतात आणि साध्या बोलण्याचा लगदा होऊन जातो, तिथं माझं "कोपर वर!" दुसऱ्या टोकापर्यंत सरळ जायचं. शिट्टी मी गळ्यात घालत असे, पण वाजवली फारशी कधी नाही. गरजच पडायची नाही. आता वर्ष होत आलं, मी घरी आहे, बाळासाठी मिळणारी माझ्या वाट्याची रजा लांबवून घेतली, माझी बायको रिक्के तिच्या ऑफिसात केव्हाच परत गेली. आणि मी कुजबुजतो. आधी तोवेपुढे कुजबुजायचो, मग घरभर, आता दुकानातसुद्धा. परवा चीजवाल्यानं मला दोनदा "काय?" विचारलं. रिक्के म्हणते, तू आता तलाव सोड आणि वाचनालयात नोकरी बघ.

तोवे मे महिन्यात यायची होती. ती फेब्रुवारीत आली. आमच्याकडे जेवायला बोलावलं आणि माणूस पाच मिनिटं आधी पोचला, तर तो बेल वाजवत नाही. कोपऱ्यावर थांबतो, दुकानाच्या काचेत बघत बसतो, एखादी फेरी मारतो आणि बरोबर वेळेला जिना चढतो. माझे वडील तर अशा फेऱ्यांत अख्खा शेजार पाठ करून बसले होते. त्यांची नात मात्र तीन महिने आधी आली आणि थेट आत शिरली. बर्फ पडत होता, टॅक्सीवाला आम्हाला हॉस्पिटलच्या दारात सोडताना म्हणाला, "शुभेच्छा," आणि मग रिक्केच्या चेहऱ्याकडे बघून त्याला वाटलं असावं की आपण चुकीचं बोललो, कारण तो म्हणाला, "म्हणजे, सावकाश." त्यानंतरचं मला तुटक आठवतं. दिवे मंद केलेली खोली. काचेची पेटी, तिच्यावर कुणीतरी शिवून दिलेली निळी गोधडी, आत उजेड जाऊ नये म्हणून. आणि पेटीच्या आत साखरेच्या पाकिटाएवढी एक मुलगी, जिची कातडी इतकी पातळ की ती माणसापेक्षा माणसाचा आराखडा वाटत होती. नर्स म्हणाली, "बोल ना तिच्याशी. आवाज ओळखते ती. आत असताना ऐकलाय तिनं." मला एवढा आनंद झाला त्या वाक्याचा! ती मला ओळखते! मी वाकलो आणि म्हणालो, "हेऽ तोवे!" मी हळू म्हणालो अशी माझी समजूत होती. पण माझं हळू म्हणजे तलावावरचं हळू. पेटीतले दोन्ही हात फटकन बाहेर फेकले गेले, बोटं पसरली, आणि तिच्या डोक्यावरच्या पडद्यावरची श्वासाची रेष सपाट होऊन घंटा वाजायला लागली. नर्सनं आत हात घालून तिच्या तळव्याला दोन बोटांनी हलकेच चोळलं, आणि तिला श्वास घ्यायचं आठवलं. "या वयाची मुलं असं करतात," नर्स म्हणाली. "विसरतात. दिवसात कितीतरी वेळा. तुझ्यामुळे नाही." मी मान हलवली. मला ते अजिबात पटलं नव्हतं, आणि अजूनही पूर्ण पटलेलं नाही.

पण त्या खोलीतलं सगळंच काळं नव्हतं, हे मला ठासून सांगावंसं वाटतं, कारण लोक विचारतात तेव्हा आधीच चेहरा पाडून विचारतात. त्या खोलीत मी माझ्या आयुष्यात कधी नव्हतो इतका सुखात होतो. सदऱ्याची बटणं उघडून आडव्या खुर्चीत पडायचं, छातीवर ती, तिच्यावर ब्लँकेट, आणि तासन् तास काहीही करायचं नाही. मी, ज्याला हात स्वस्थ ठेवता येत नाहीत! तिचं डोकं माझ्या गळ्याच्या खाली, एक नळी नाकात, आणि तिचा श्वास माझ्या श्वासाला बघून बघून चालायचा. मी लांब घेतला की तिचा लांब. लोने तिथंच पहिल्यांदा भेटली. लोने फिजिओथेरपिस्ट आहे, लवकर जन्मलेल्या मुलांचं काम करते, आणि हॉस्पिटलमधून सुटल्यावर वर्षभर घरीही येते. पहिल्या दिवशी मी तोवेच्या पाठीवरून हात फिरवत होतो, प्रेमानं, आपण मांजराला फिरवतो तसा. लोने शेजारी उभी राहून बघत होती. मग म्हणाली, "हात नुसता ठेव. हलवू नकोस. एक डोक्यावर, एक पायांशी. आणि आता बघ." मी बघितलं. तोवेनं गुडघे पोटाशी घेतले, मुठी तोंडाशी आणल्या, आणि तिचा सगळा चेहरा सैल पडला. "हं," लोने म्हणाली, "हे ती तुला म्हणाली, की बरं वाटतंय." कुणीतरी माझ्याशी बोललं होतं. आठ आठवडे सगळे आमच्याशी तिच्याबद्दल बोलत होते, आणि ही पहिली होती जिनं दाखवलं की ती स्वतःच बोलते आहे. मी रडलो, मोठ्यानं नाही.

त्यानंतर मी ती भाषा अधाशासारखा शिकलो. पाचही बोटं पसरली म्हणजे पुरे. नजर बाजूला वळवली म्हणजे जरा थांब. उचकी, शिंक, जांभई लागोपाठ म्हणजे खूप झालं, दिवा कमी कर. कपाळ आठ्या पडून वर गेलं म्हणजे फार नवं काहीतरी दिसलं. अंगावर संगमरवरासारखे डाग उठले म्हणजे आता हे सगळं बंद. मी शाळेत असताना जर्मन शिकलो नाही, इंग्रजी जेमतेम, पण ही भाषा मला येऊ लागली, आणि त्याचा मला गर्व झाला. मे महिन्यात, म्हणजे ज्या महिन्यात ती यायची होती त्या महिन्यात, आम्ही तिला घरी आणलं, आणि मी घर त्या भाषेला लायक करायला घेतलं. दाराची बेल काढून टाकली. कॉफीचं यंत्र घर्रघर्र करायचं, ते तळघरात गेलं आणि गाळणी आली. नळाच्या तोटीला मी रबरी नळी लावली, पाणी आवाज न करता उतरावं म्हणून. उन्हाळ्यात आमच्या इमारतीच्या अंगणात सगळ्यांच्या बाबागाड्या ओळीनं उभ्या असतात आणि मुलं उघड्यावर झोपतात, तशी तोवेही झोपायची, पण बाकीचे आईबाप वर जाऊन कपडे वाळत घालायचे आणि मी गाडीशेजारी उभा राहायचो. कुणी सायकल आपटून लावायला लागलं की मी बोट ओठांवर ठेवायचो. पहिल्या मजल्यावरचे लोक मला बघून सायकल उचलून नेऊ लागले. रिक्के खिडकीतून बघायची. एकदा ती खाली येऊन माझ्या शेजारी उभी राहिली आणि म्हणाली, "तू तिला झोपू देतोयस की तुरुंगात पहारा करतोयस?" मी हसलो. मग तीही हसली, पण तिनं उत्तराची वाट बघितली होती हे मला दिसलं होतं.

आणि तोवे वाढत गेली, मस्त वाढत गेली! हे सांगताना माझी बोटं टेबलावर वाजायला लागतात. तिला आपला डावा पाय सापडला तो दिवस: ती त्याच्याकडे अशी बघत होती की कुणीतरी तिचा हरवलेला मोजा आणून दिलाय, पाय भरून. पोटावर झोपवलं की आधी रडायची, मग लोनेनं छातीखाली टॉवेलची वळकटी ठेवायला शिकवलं आणि एके दिवशी डोकं वर, दोन क्षण, आणि धप्प. लोनेची पद्धत अशी की ती दारातच बूट काढते, कॉफी घेते, जमिनीवर बसते आणि हात मांडीत ठेवते. करत काहीच नाही. "हात खाली, एस्बेन," हे तिचं पालुपद. "तू नेहमी तिच्या आधी पोचतोस." खेळणं हाताच्या टप्प्याच्या जरा बाहेर ठेवायचं आणि थांबायचं. ते थांबणं मला जमायचं नाही. मुलगी हात लांब करायची, कण्हायची, आणि माझा हात आपोआप पुढे जायचा. लोने मग माझ्या मनगटावर आपलं बोट ठेवायची. तोवे गुरगुरत, लाल होत, कुशीवर वळत शेवटी ती लाकडी कडी पकडायची, आणि आमच्याकडे अशी बघायची की आम्ही दोघं तिचे नोकर आहोत. असं बघणं मला फार आवडतं.

गेल्या मंगळवारी लोने आली तेव्हा तिनं स्वयंपाकघरातून एक पातेलं आणि लाकडी डाव मागून घेतला. मला वाटलं कॉफीसाठी. ती जमिनीवर बसली, पातेलं उपडं ठेवलं आणि डावानं त्यावर एक ठोका दिला. मी जागचा उडालो. तोवे उडाली नाही. म्हणजे दचकली, दोन्ही हात वर गेले, बोटं पसरली. "पुरे," मी म्हणालो, आणि तिला उचलायला वाकलो. लोनेचं बोट माझ्या मनगटावर. "थांब." तोवेची बोटं पसरलेलीच होती, तोंड उघडं, भुवया वर. मग तिनं पातेल्याकडे बघितलं. मग लोनेकडे. मग परत पातेल्याकडे.

"काय म्हणतेय?" लोनेनं विचारलं.

"म्हणतेय, पुरे. बोटं बघ की."

"बोटं मलाही दिसतायत. डोळे बघ. बोटं पसरणं तेव्हा पुरे असायचं, जेव्हा तिच्याकडे दुसरं काही नव्हतं. आता तिच्याकडे डोळे आहेत, तोंड आहे, मान आहे. एस्बेन, 'पुरे' तुला माझ्यापेक्षा चांगलं वाचता येतं. माझ्याकडच्या कुठल्याही आईबापापेक्षा. पण 'आणखी' शेवटचं कधी वाचलंस?"

मला राग आला. खरंच राग आला, आणि मी तो कुजबुजत व्यक्त केला, ज्यामुळे तो हास्यास्पद वाटला. मी म्हणालो की पेटीशेजारी ती नव्हती, मी होतो. ती म्हणाली, "हो, तू होतास." बस. मग तिनं कॉफी संपवली. जाताना दारात बूट घालताना म्हणाली की तिच्या भेटी आता संपत आल्या, तोवेला तिची गरज राहिलेली नाही. "मला आहे," मी म्हणालो. "तुला आहे हे मला माहीत आहे," ती म्हणाली, "पण मी तुझी थेरपिस्ट नाही," आणि माझ्या खांद्यावर थोपटून जिना उतरली. संध्याकाळी रिक्केनं पाळणाघराचा विषय काढला. जागा मिळाली होती, मार्चपासून, सोमवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. लवकर जन्मलेल्या मुलांना वाट पाहायची मुभा असते, मी म्हणालो, सहा महिने थांबू. तिथं बारा मुलं, बारा जणांचा गोंगाट, एकजण रडला की सगळे रडतात. रिक्के भांडी पुसत होती. ती म्हणाली, "आणि एकजण हसला की?" मी म्हणालो, मला माहीत नाही. "तेच तर," ती म्हणाली. "तुला माहीत नाही. तिलाही माहीत नाही. तुम्हा दोघांपैकी निदान एकाला तरी कळू दे." आम्ही त्यानंतर भांडलो नाही. भांडायला मोठा आवाज लागतो, आणि आमच्या घरात तो नव्हता. सोमवार परवा आहे, आणि मी खुर्च्यांना लोकर लावतो आहे.

दुपारी सगळे आले, बरोबर वेळेवर, म्हणजे कोपऱ्यावर थांबून आले होते. आईच्या टोपीवर इतका बर्फ साचला होता की लपवणं शक्य नव्हतं. जिन्यातच बूट काढून, मोज्यांवर, एकामागे एक, चोरांसारखे. आई, तिच्या हातात केकचा भलामोठा पुठ्ठा. माझी बहीण मेते. मेतेची सात वर्षांची योहाने, जिचे समोरचे दोन दात नाहीत आणि म्हणून तिचं कुजबुजणं शिट्टीसारखं येतं. रिक्केनं टेबलावर कागदी झेंडे मांडले होते, मेणबत्त्या, लोणी लावलेले पाव, गरम चॉकलेट. पुठ्ठ्याचं झाकण उघडलं आणि केकबाई दिसली: गोल पोटाची, दोन्ही हात पसरलेली, गुलाबी ओठ, आणि दोऱ्यांच्या केसांना भट्टीवाल्यानं वेण्या घातलेल्या. तोवेला मी मांडीवर घेऊन टेबलाच्या टोकाशी बसलो. तिनं तो केक बघितला आणि तिचं कपाळ वर गेलं. फार नवं. मी हात तिच्या पायांशी नेऊन ठेवला, सवयीनं.

"एस्बेनमामा," योहानेनं शिट्टीत विचारलं, "मनातल्या मनात ओरडायचं का?"

"तोंड उघडायचं. पाहिजे तेवढं मोठं. पण आवाज नाही."

"मासा ओरडतो तसं?"

"अगदी तसं."

"मासा ओरडतच नाही," मेते म्हणाली. "एस्बेन, तू ऐकतोयस का तू काय बोलतोयस ते?"

"एकदाच करायचंय," मी म्हणालो. "तिच्यासाठी."

"करू की," आई म्हणाली. "एकदा मासे होऊ. त्यात काय," आणि लहानपणी मला कडू औषध देताना ती जसं हसायची तसं हसून तिनं योहानेच्या हातात सुरी दिली, स्वतःचा हात वर ठेवून. रिक्के माझ्या समोर बसली होती. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती तोवेकडे बघत होती, आणि मला जाणवलं की ती बराच वेळ तशीच बघते आहे, हात मांडीत ठेवून.

सुरी गळ्यावर टेकली. योहानेनं दाबली. साखरेचा थर कट्कन तुटला, हा एकच आवाज, आणि टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी तोंडं उघडली. मी हे दृश्य विसरू शकणार नाही. माझी आई, सत्तरीची, डोळे गच्च मिटून, जबडा खाली, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, आणि एक हुंकार नाही. मेते, दोन्ही हात गालांवर. योहाने, दातांच्या खिंडीतून नुसती हवा. रिक्केसुद्धा. आणि मीही उघडलं, कारण नियम माझाच होता. मेणबत्त्या सरळ जळत होत्या. इतकी शांतता मी भरलेल्या खोलीत कधी ऐकली नव्हती, आणि मला ती भयंकर वाटली. हे काय करून ठेवलं मी? हे माझे लोक आहेत, आमच्याकडे गाण्यापेक्षा हसण्याचा आवाज मोठा असतो, आणि मी त्यांना काचेच्या आत घातलंय.

तोवेनं आजीच्या तोंडाकडे बघितलं. मग मेतेच्या. मग योहानेच्या, बराच वेळ, त्या खिंडीकडे. तिचे दोन्ही हात वर आले आणि दहाच्या दहा बोटं पसरली. पुरे. मी खुर्ची मागे सरकवली, लोकरीमुळे ती गुपचूप सरकली, आणि मी तिला घेऊन उठायला लागलो. अर्धा उठलो होतो. तेवढ्यात तिनं मान वळवली, वर, माझ्याकडे, आणि माझं उघडं तोंड तिला दिसलं. ती त्यात बघत राहिली. आत काहीतरी असायला पाहिजे आणि नाही, असं तिचं बघणं होतं. मग तिनं श्वास घेतला. तिचे श्वास मी ओळखतो, तिच्या छातीचा एकेक श्वास मी मोजल्यासारखा जगलोय, पण एवढा मोठा मी कधी पाहिला नव्हता. पोट, बरगड्या, खांदे, सगळं वर गेलं. आणि ती किंचाळली.

किती मोठ्यानं, ते मी सांगू शकत नाही. तलावावर मोठं वाटलं असतं. एक मेणबत्ती विझली, ती बहुधा योहानेच्या दचकण्यानं. आवाज वर गेला, वरच राहिला, जरा थरथरला आणि संपला, आणि तोवे गप्प झाली. मी अजून अर्धा उठलेला. ती माझ्याकडे बघत होती. तोंड अजून उघडं, डोळे इतके उजळ की मला माझा चेहरा त्यात दिसला असता, सबंध अंग माझ्याकडे झुकलेलं. बोटं पसरलेली. आणि ती थांबली होती. ती वाट बघत होती! लोनेनं वर्षभर मला जे शिकवलं ते माझ्या मुलीला येत होतं: हात खाली ठेवायचे आणि समोरच्याला वेळ द्यायचा. तुझी पाळी, असं तिचं म्हणणं होतं. ते वाचायला मला कुणाची गरज पडली नाही. मी तिला मांडीवर घेऊन परत खाली बसलो.

मी ओरडलो. पहिल्यांदा काही आलंच नाही, घशातून खरखर आली, वर्षभर न चालवलेली सायकल जशी कुरकुरते. योहाने हसली. मी दुसऱ्यांदा श्वास घेतला, खोल, पोटातून, आणि आला. माझा आवाज! तो खोलीतून गेला, काचांना लागला, आणि मला वाटलं मी लांबच्या प्रवासाहून घरी आलोय. तोवेचे डोळे मोठे झाले. खालचा ओठ बाहेर आला, थरथरला. तिला उचकी आली. त्या क्षणी मला पडदा दिसला, सपाट रेष दिसली, आणि माझे दोन्ही हात तिला झाकायला निघाले. रिक्के म्हणाली, "एस्बेन." एवढंच, नेहमीच्या आवाजात. माझे हात थांबले. मी ते टेबलावर ठेवले, केकबाईच्या पायांशी, आणि नुसता बघत राहिलो, किती वेळ कोण जाणे. तोवेला दुसरी उचकी आली. गिळली. मग तिनं तळवा उचलला आणि टेबलावर आपटला, साखरेत, बाईच्या कमरेवर, फाट्. आणि परत फाट्.

"आणखी," मी म्हणालो. "आणखी म्हणतेय! आई, आणखी म्हणतेय ती!"

"मग बसलायस काय?" आई म्हणाली, आणि माझी सत्तर वर्षांची आई अशी किंचाळली की मला एकदम कळलं माझा आवाज कुठून आला. मेते किंचाळली. योहाने तर खुर्चीवर उभी राहिली. रिक्के हसत होती आणि रडत होती आणि मध्येच किंचाळत होती, आणि तोवे माझ्या मांडीवर उड्या मारत एकेकाकडे बोट करून पाळी देत होती, म्हणजे बोट नाही, साखरेनं माखलेला अख्खा हात. आम्ही त्या बाईला गळ्याला मारलं, मग हाताला मारलं, मग प्रत्येक बटणाला वेगळं मारलं. माझा घसा सोलवटला. मला इतका आनंद झाला होता की मी मध्ये थांबून तो नीट अनुभवायचा प्रयत्न केला आणि तोवेनं लगेच मला चापट मारली.

"सोमवारी पाळणाघराला फोन कोण करणार?" रिक्केनं गोंगाटातून विचारलं. ओरडून विचारलं, दुसरा इलाजच नव्हता.

"मी!" मी ओरडलो.

तेवढ्यात आमच्या पायांखाली ठण् ठण् ठण् झालं. खालच्या मजल्यावरचा कुणीतरी झाडूच्या दांड्यानं छताला ठोकत होता. या घरात आम्ही आल्यापासून आमच्याविरुद्ध कुणी एक अक्षर काढलं नव्हतं. आईनं तोंडावर हात ठेवला, योहाने खुर्चीवरून खाली उतरली. तोवे मात्र वाकली, जमिनीकडे बघितलं, जरा थांबली, आणि त्यालाही उत्तर दिलं.